ज्या लीगमध्ये तो खेळलाच नाही

ला लिगाचे सामने बघण्यासाठी तुम्ही रात्र रात्र जागत असाल, तर पिचिची हा शब्द तुमच्या कानावरून कैक वेळा गेला असणार. सीझन संपत आला की चर्चा सुरू होते, यंदा पिचिची कोण नेणार? लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला मिळणारं हे बक्षीस. मेसीनं ते विक्रमी आठ वेळा नेलं, रोनाल्डोनं तीन वेळा. बऱ्याच जणांना वाटतं, हा एखाद्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ असेल, गोलंदाजीतल्या ‘पर्पल कॅप’सारखा. तसं नाहीये. पिचिची हा एक माणूस होता. हाडामांसाचा, जेमतेम पाच फुटांचा. आणि गंमत बघा, ज्या लीगचं हे बक्षीस आहे, त्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. ती सुरू झाली तेव्हा त्याला जाऊन सात वर्षं झाली होती.

त्याचं खरं नाव राफाएल मोरेनो आरान्सादी. जन्म २३ मे १८९२, गाव बिल्बाओ. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखातलं हे बंदराचं शहर. लोखंडाच्या खाणी, जहाजं बांधण्याचे कारखाने आणि त्यापायी येणारे-जाणारे इंग्रज खलाशी, कामगार, इंजिनीअर. नदीकाठच्या मोकळ्या जागेत हे इंग्रज फुटबॉल खेळायचे आणि गावातली पोरं कडेला उभी राहून बघायची. बघता बघता पोरं स्वतःच खेळायला लागली. राफाएल त्यातलाच एक. घर चांगलं शिकलेलं, प्रतिष्ठित. लेखक आणि विचारवंत मिगेल दे उनामुनो त्याच्या नात्यातले. अशा घरात मुलानं काय करावं, हे आधीच ठरलेलं असतं. त्यानं कायद्याच्या अभ्यासाला सुरुवातही केली, पण पुस्तकात जीव रमला नाही. शिक्षण अर्धवट सुटलं, फुटबॉल मात्र सुटला नाही.

उंची १५४ सेंटिमीटर. मोठ्या पोरांच्या घोळक्यात हा चिमुकला घुसायचा, म्हणून त्याला पिचिची हे नाव पडलं. तुमच्या ग्रुपमध्ये कुणाला तरी बारक्या, छोटू म्हणतात ना, तशातला प्रकार. फरक एवढाच की अशी नावं कॉलेज संपलं की विरून जातात. याचं नाव शंभर वर्षं टिकलं.

१९११ च्या सुमारास तो बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबकडून खेळायला लागला. डोक्याला पांढरं कापड बांधून उतरायचा. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा, बुटासारखी नाडी आवळून बंद केलेला. पावसात भिजला की दगडासारखा जड. हेडर मारताना ती नाडी आणि शिवण कपाळाला सोलून काढायची, म्हणून हे कापड. पाच फुटांचा माणूस आणि हेडरसाठी तयारी! पण तो होताच तसा. चपळ, चेंडू पायाला चिकटवून पळणारा, गोलपोस्टसमोर कुठे उभं राहायचं हे नेमकं हेरणारा. ते पांढरं कापड लांबूनही दिसायचं, त्यामुळे प्रेक्षकांची नजर आपोआप त्याच्यावर जायची.

२१ ऑगस्ट १९१३ ला बिल्बाओत सान मामेस हे नवं मैदान सुरू झालं. समोर रासिंग दे इरुनचा संघ. सामना १-१ असा सुटला, पण त्या मैदानावरचा पहिलावहिला गोल कुणी केला? पिचिचीनं. पुढची शंभर वर्षं हे मैदान ॲथलेटिकचं घर होतं, स्पेनभर त्याला फुटबॉलचं देऊळ म्हणायचे. त्या देवळातला पहिला गोल या बुटक्याच्या नावावर आहे.

तेव्हा स्पेनमध्ये लीग नव्हती. मोठी स्पर्धा एकच, राजाचा कप, म्हणजे आजचा कोपा देल रे. ॲथलेटिकनं १९१४, १९१५ आणि १९१६ असा सलग तीन वर्षं हा कप घरी आणला. १९१५ ची फायनल तर खास पिचिचीची. एस्पान्योलला ५-० नं धुतलं, त्यातले तीन गोल याचे. गावात त्याचं कौतुक किती असावं? आउरेलिओ आर्तेता नावाच्या चित्रकारानं एक फुटबॉलपटू मैदानाच्या कडेला एका तरुणीशी गप्पा मारतोय, असं चित्र काढलं. ते दोघं म्हणजे पिचिची आणि त्याची होणारी बायको आवेलिना, असंच सगळे मानतात. सेल्फी आणि रील्सच्या शंभर वर्षं आधी एका खेळाडूच्या प्रेमाचं चित्र झालं होतं.

१९२० साली अँटवर्पला ऑलिम्पिक भरलं आणि स्पेननं पहिल्यांदाच देशाचा फुटबॉल संघ उभा केला. पिचिची त्यात होता. डेन्मार्क, बेल्जियम, स्वीडन, इटली, नेदरलँड्स असे पाच सामने झाले, पाचही तो खेळला. शेवटच्या सामन्यात नेदरलँड्सला ३-१ नं हरवलं, त्यात त्याचा एक गोल. स्पेनला रौप्यपदक मिळालं. देशाकडून त्याची कारकीर्द एवढीच: पाच सामने, एक गोल.

इथवर गोष्ट सरळ चालली आहे. पण आता वळण येतं.

ज्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, तेच हळूहळू त्याच्यावर उखडले. वय वाढलं, पायातला वेग कमी झाला. लोक म्हणायला लागले, याला हवा लागली आहे, हा मिजास करतो. ज्या सान मामेसवर पहिला गोल त्यानं केला, त्याच सान मामेसवर त्याच्या नावानं शिट्ट्या वाजायला लागल्या. आणि या शिट्ट्या कौतुकाच्या नव्हेत बरं का, तिकडे शिट्टी म्हणजे हुर्यो. आज आपण एखादा कॅच सुटला की त्या खेळाडूच्या सात पिढ्या कॉमेंटमध्ये काढतो. तेव्हा मोबाइल नव्हते, बाकी सगळं हेच होतं.

१९२१ मध्ये ॲथलेटिकनं आणखी एकदा कप जिंकला, फायनल सान मामेसवरच झाली. पिचिचीचा हा चौथा कप. त्याच वर्षी त्यानं खेळणं थांबवलं. वय फक्त २९. मैदान मात्र सोडवेना, म्हणून शिट्टी हातात घेऊन तो पंच झाला. पण हा नवा डाव रंगायच्या आतच संपला. १ मार्च १९२२ ला तापाच्या अचानक आलेल्या आजारानं तो गेला. तिसावा वाढदिवस यायला तीन महिनेही उरले नव्हते.

आणि मग बिल्बाओला कळलं की आपण कुणावर शिट्ट्या मारत होतो.

१९२६ मध्ये सान मामेसवर त्याचा अर्धपुतळा बसला. त्याच वर्षी स्पेनमध्ये खेळाडूंना उघडपणे पगार घेऊन खेळायला मान्यता मिळाली. १९२९ मध्ये लीग सुरू झाली. म्हणजे आज ज्याला आपण प्रोफेशनल फुटबॉल म्हणतो, करार, पगार, गोलांचे तक्ते, ते सगळं त्याच्यामागून आलं. १९५० च्या दशकात मार्का या क्रीडा दैनिकानं लीगमधल्या सर्वाधिक गोलांसाठी बक्षीस ठेवलं, तेव्हा नाव निवडलं पिचिचीचं. जुन्या सीझनचे सर्वाधिक गोल करणारेही मग त्याच नावानं ओळखले जाऊ लागले. त्यात त्याच्याच क्लबचा तेल्मो सारा सहा वेळा आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या लीगला नाव द्यायला लीगमधला कुणी नव्हता का? होते की. पण गोल करणारा माणूस लोकांच्या मनात काय असतो, हे स्पेनला पहिल्यांदा दाखवणाऱ्या मोजक्या लोकांत हा होता. तक्त्यात त्याच्या नावापुढे लीगचे गोल शून्य आहेत, आणि सगळा तक्ता त्याच्या नावानं चालतो.

जुनं सान मामेस २०१३ मध्ये पाडलं, शेजारीच नवं उभं राहिलं. पुतळाही नव्या मैदानात आला. एक रिवाज मात्र तसाच आहे. कुठलाही संघ सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला आला, की त्याचा कॅप्टन सामन्याआधी या पुतळ्यापाशी जाऊन फुलं ठेवतो. पुढच्या वेळी युरोपातल्या सामन्याच्या आधी असं दृश्य दिसलं, तर चॅनल बदलू नका. समोरचा संघ कितीही मोठा असो, गावात पाऊल टाकल्यावर आधी त्या पाच फुटांच्या माणसाला भेटतो. आणि त्या वेळी मैदानावर एकही शिट्टी वाजत नाही. टाळ्या वाजतात.