सर फिरोजशहा मेहता : बाईंच्या प्रश्नाचं उत्तर



आठवीतली मलबार हिलची सहल आठवते का? म्हातारीच्या बुटात चढून झाल्यावर आपण समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये डबे उघडून बसलो होतो. त्या बागेचं खरं नाव फिरोजशहा मेहता उद्यान आहे, असं सांगून इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं की हे मेहता कोण. पुस्तकातल्या मवाळ नेत्यांच्या यादीत ते एक नाव होतं, त्यापलीकडे कुणालाच काही सांगता आलं नव्हतं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मला तो प्रश्न आठवला. बाई, उशिरा का होईना, हे उत्तर.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत, एका पारशी व्यापाऱ्याच्या घरी झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ मध्ये एम.ए. झाले. त्याच सुमारास रुस्तुमजी जमशेटजी जीजीभाय या धनिकाने हिंदी तरुणांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवायची योजना आखली होती. प्राचार्यांनी फिरोजशहांचं नाव सुचवलं आणि ते लंडनला गेले. काही महिन्यांतच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्यात रुस्तुमजीही बुडाले आणि शिष्यवृत्ती आटली. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण सगळी योजना एका माणसाच्या तिजोरीवर उभी होती. वीस वर्षांच्या मुलाला परक्या देशात हा धडा मिळाला. त्यांनी शिक्षण मात्र सोडलं नाही. १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले.

तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात गोऱ्या बॅरिस्टरांचं वर्चस्व होतं. हिंदी बॅरिस्टरला कामं मिळणं अवघड होतं. फिरोजशहांनी मुंबईबाहेरचे दावे घ्यायला सुरुवात केली. गुजरातेतल्या आणि काठियावाडातल्या कोर्टांत त्यांचा जम बसला. पुढे त्यांचा दबदबा एवढा वाढला की नव्या वकिलांना त्यांच्या उलटतपासणीच्या आणि पुराव्याच्या कायद्यावरच्या हुकमतीच्या गोष्टी ऐकवल्या जात. मोहनदास गांधी नावाच्या एका नवख्या बॅरिस्टरने त्या ऐकल्या होत्या. राजकोटच्या गोऱ्या अधिकाऱ्याने गांधींना कचेरीतून बाहेर काढलं, तेव्हा फिरोजशहा एका खटल्यासाठी तिथेच आले होते. गांधींनी त्यांचा सल्ला विचारला. उत्तर मिळालं ते कडू होतं : अपमान गिळ, अजून तुला जग कळायचं आहे. तोच गांधी १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन मुंबईत आला, तेव्हा त्याच्यासाठी जाहीर सभा भरवली ती फिरोजशहांनीच. भाषण लिहून आण असं त्यांनी बजावलं आणि ते रातोरात छापूनही घेतलं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र कोर्टाबाहेरचं आहे. १८७१ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड, ज्यांच्या नावाचं मार्केट आपल्याला माहीत आहे. शहर सुधारण्याच्या भरात त्यांनी पैसा पाण्यासारखा ओतला. करदाते खवळले आणि क्रॉफर्डना घालवा अशी ओरड झाली. छब्बीस वर्षांच्या फिरोजशहांनी लोकमताच्या विरुद्ध उभं राहून सांगितलं की दोष माणसात कमी आणि रचनेत जास्त आहे. खर्चावर देखरेख ठेवायला लोकांनी निवडलेली सभा नसेल, तर दुसरा कमिशनरही तेच करील. काम करणारा अधिकारी एक असावा, पण त्याने हिशेब लोकप्रतिनिधींना द्यावा. लोकांना हे तेव्हा रुचलं नाही. तरी १८७२ च्या कायद्यात ६४ सभासदांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. मतदार करदातेच, म्हणजे मूठभर. गिरणगावातला कामगार त्यात नव्हता, हेही सांगायला हवं.

पुढे १८८७ मध्ये फिरोजशहा मुंबईच्या कायदेमंडळात गेले. नवा म्युनिसिपल कायदा होत होता आणि सरकारी मसुद्यात लोकप्रतिनिधींचे अधिकार आखडले होते. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी एकेका कलमासाठी वाद घातला. त्यातून झालेला १८८८ चा कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, मुंबई महापालिका आजही चालवतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम चालू असला तरी आम्ही हात जोडतो. हा तर सव्वाशेहून अधिक वर्षं चालू आहे.

फिरोजशहा १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये शेतकऱ्यांच्या जमिनीवरच्या हक्काला बाध आणणारं जमीन महसुलाचं विधेयक सरकारने रेटलं, तेव्हा ते गोखल्यांसह कायदेमंडळातून उठून बाहेर पडले. महापालिकेवर तर त्यांची अशी पकड होती की लोक त्यांना मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणत. १९०७ मध्ये काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजूट करून त्यांना पाडायचं ठरवलं. जस्टिस ऑफ द पीस निवडणार होते १६ जागा. फिरोजशहा आले १७ वे. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्याने रद्द ठरली आणि फिरोजशहा नियमाचं बोट धरून परत सभागृहात आले.

त्यांची दुसरी बाजूही आहे. त्यांना विरोध सहन होत नसे. त्याच वर्षी सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या जहाल गटाला बाजूला ठेवण्यात त्यांचा हात मोठा होता. अधिवेशन उधळलं. व्यासपीठावर भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा या दोघांनाही लागला. काँग्रेस फुटली आणि ती सांधू नये यासाठी ते शेवटपर्यंत अडून राहिले. टिळकांवर प्रेम करणाऱ्या आपल्या घरांतून त्यांचं नाव फारसं का निघालं नाही, ते यावरून कळतं.

साठी उलटल्यावर बहुतेक वकील जमवलेलं राखतात. फिरोजशहांनी तेव्हा दोन नवे उद्योग अंगावर घेतले. सोराबजी पोचखानवाला या तरुण बँक कर्मचाऱ्याला पूर्णपणे हिंदी मालकीची आणि हिंदी लोकांनी चालवलेली बँक काढायची होती. फिरोजशहांनी आपलं नाव आणि वजन त्याच्यामागे उभं केलं. डिसेंबर १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया सुरू झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये अनेक हिंदी बँका कोसळल्या, मुंबईची स्पेसी बँकही बुडाली, पण ही टिकली. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू केलं, कारण शहरातली मोठी इंग्रजी पत्रं गोऱ्यांच्या हातात होती. संपादक म्हणून आणले हॉर्निमन.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहा गेले. दोन महिन्यांच्या आतच मुंबईच्या काँग्रेसने नियम बदलले आणि जहालांना दार उघडलं. त्यांचं क्रॉनिकल त्यांना झेपलं नसतं इतकं धीट झालं, आणि १९१९ मध्ये सरकारने हॉर्निमनना देशाबाहेर काढलं. महापालिकेत पुढे गिरणगावही मतदार झालं. फिरोजशहांनी जे उभं केलं ते त्यांच्या मर्जीबाहेर गेलं, पण मोडलं नाही. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. सीएसएमटीसमोर महापालिकेच्या दारात त्यांचा पुतळा उभा आहे, त्याच्यामागे आजही रोज त्यांच्या कलमांवरून भांडणं होतात.

आता आपल्यापुरतं. या मेळाव्यात आपण शाळेतल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी सुरू करतोय. नियमावलीचा मसुदा ग्रुपवर आला तेव्हा बहुतेकांनी न वाचताच अंगठा दाखवला. मीसुद्धा. हा लेख लिहिताना ती पुन्हा उघडली. सध्या निम्मी रक्कम एकाच मित्राकडून येणार आहे आणि दरवर्षी हिशेब कुणी तपासायचा हे कुठेच लिहिलेलं नाही. त्या मित्राच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. रुस्तुमजींच्याही मनाबद्दल कुणाला नव्हती. तेव्हा रविवारी जेवणाआधी अर्धा तास ती कलमं एकदा वाचू या. बाई, तुम्ही समोर बसा, म्हणजे कुणी पळणार नाही.