विश्लेषण : गिरणगावच्या कापडाचे रंग परदेशातून का यायचे? ही कोंडी फोडायला निघालेले डॉ. वेंकटरामन कोण होते?

परळ, लालबाग, दादरच्या गिरण्यांत कामगार कोकणातले आणि घाटावरचे, भांडवल बरेचसे मुंबईचे. कापडावर चढणारा कृत्रिम रंग मात्र बहुतांशी परदेशी. महायुद्ध सुरू झाले की आयात अडखळायची आणि रंगखात्याचे काम अडायचे. हे परावलंबन संपवण्यासाठी माटुंग्यातून काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन. त्यांनी नेमके काय केले? आणि पारा, तांबे, निकेल या धातूंचा कापडाच्या रंगाशी काय संबंध? जाणून घेऊ या.

रंग बाहेरून का आणावे लागत?

मुंबईत कापड रंगवण्याचा धंदा जुना आहे. नवरोसजी वाडिया यांनी १८७९मध्ये ‘बॉम्बे डाइंग’ची सुरुवात केली, तीच मुळी सूत रंगवण्याच्या कामातून. पण रंगवणे वेगळे आणि रंग तयार करणे वेगळे. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून कृत्रिम रंग बनवण्यात जर्मनी सर्वात पुढे होती. १९२५मध्ये तिथल्या बड्या कंपन्या एकत्र येऊन ‘आयजी फार्बेन’ हा अजस्र उद्योग उभा राहिला. पेटंट त्यांचे, प्रक्रियेचे बारकावेही त्यांच्याच भिंतीआड. आपल्याकडे रंगाचा डबा यायचा, पण तो कसा बनला याची माहिती यायची नाही.

वेंकटरामन मुंबईत कसे आले?

त्यांचा जन्म १९०१चा, मद्रासचा. तिथले शिक्षण संपवून ते मँचेस्टरला गेले आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली संशोधन केले. रॉबिन्सन यांना पुढे १९४७मध्ये नोबेल मिळाले. मायदेशी परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. फ्लेवोन हे वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यांचे एक कुटुंब आहे. त्यातील संयुगे प्रयोगशाळेत बनवण्याचा एक सोपा मार्ग त्यांनी लाहोरला शोधला. त्याच सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तो सापडला. म्हणून जगभरच्या पुस्तकांत ही अभिक्रिया ‘बेकर-वेंकटरामन’ या जोडनावाने शिकवली जाते. ती धातूने नव्हे, अल्कलीने घडते.

मुंबई विद्यापीठाने १९३३मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच ‘यूडीसीटी’ सुरू केला. कापडगिरण्यांच्या शहराला कापड रसायनशास्त्र शिकवणारी संस्था हवी होती. १९३४मध्ये वेंकटरामन इथे रंगरसायनशास्त्र शिकवण्यासाठी रुजू झाले आणि १९३८मध्ये विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. सुरुवातीला फोर्टमध्ये असलेला विभाग १९४३मध्ये माटुंग्याला आला. परळ-लालबागची धुराडी तिथून हाकेच्या अंतरावर होती.

धातूंचा रंगाशी संबंध काय?

गिरण्यांना सर्वात हवेसे असत ते ‘व्हॅट’ रंग. हे पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक सोडा आणि हायड्रॉस घातले की ते विरघळतात आणि धाग्यात शिरतात. मग हवा लागली की पुन्हा मूळ रूपात येऊन आतच अडकतात. म्हणून धुतल्यावर रंग उतरत नाही.

यातील अनेक रंगांचा सांगाडा अँथ्राक्विनोन या रेणूचा असतो. रंग घडवायचा तर या रेणूला ठरावीक जागी दुसरे अणुगट जोडावे लागतात. इथे धातू उत्प्रेरक म्हणून कामी येतात. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारा, पण स्वतः खर्च न होणारा पदार्थ. सल्फ्युरिक आम्लाच्या अभिक्रियेत किंचित पारा असेल तर नवा गट रेणूच्या एका जागी बसतो, पारा नसेल तर दुसऱ्या. जागा बदलली की पुढे तयार होणारा रंगही बदलतो. दोन रेणू एकमेकांना जोडताना तांबे उपयोगी पडते. कोणता धातू, किती आणि कोणत्या तापमानाला हे कळल्याशिवाय कारखाना उभा राहत नाही. खरे गुपित तिथेच होते.

तयार रंगाचे गुपित कसे उलगडायचे?

रंग बनवता येण्याआधी तो कशाचा बनला आहे हे कळावे लागते. त्यासाठी रेणू तोडून बघायचा. आजच्यासारखी यंत्रे तेव्हा सहज उपलब्ध नव्हती. इथे निकेल कामाला येई. अमेरिकी अभियंता मरे रॅने यांनी १९२०च्या दशकात निकेल आणि अॅल्युमिनियमचा मिश्रधातू बनवला आणि कॉस्टिक सोड्याने त्यातील अॅल्युमिनियम काढून टाकले. उरले ते स्पंजासारखे सच्छिद्र निकेल. रॅने यांना ते हवे होते खाद्यतेल घट्ट करण्यासाठी. शिवडीच्या कारखान्यात १९३२पासून वनस्पती तूप बनू लागले, त्यामागेही निकेलचेच रसायन होते.

हेच रॅने निकेल सेंद्रिय रेणूतील गंधक किंवा क्लोरीन काढून टाकते आणि मागे मूळ सांगाडा ठेवते. तो ओळखला की रंगाची रचना कळते. वेंकटरामन आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी बाळ दत्तात्रय टिळक यांनी या अभिक्रियांवर काम केले. विदर्भातील कारंजाचे टिळक पुढे स्वतः नामवंत रसायनशास्त्रज्ञ झाले.

पुस्तकाने काय साधले?

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या पथकांनी जर्मन कारखान्यांची पाहणी करून अहवाल खुले केले. पण ते शेकडो कागदांत विखुरलेले होते. वेंकटरामन यांनी ही माहिती, पेटंट आणि संशोधन निबंध एकत्र चाळून ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९५२मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्या संपादनाखाली ही मालिका १९७८पर्यंत आठ खंडांवर गेली. एकेकाळी कंपन्यांच्या कपाटात असलेले ज्ञान आता कोणत्याही विद्यार्थ्याला ग्रंथालयात वाचता येऊ लागले. त्यांच्या कारकिर्दीतील हे सर्वात मोठे काम मानता येईल.

उद्योगाला काय मिळाले?

स्वातंत्र्यानंतर वलसाडजवळ ‘अतुल’ आणि कल्याण परिसरात ‘इंडियन डायस्टफ’, ‘अमर डाय-केम’ असे रंगकारखाने उभे राहिले. त्यांना लागणारे प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ घडवणाऱ्या संस्थांत यूडीसीटी आघाडीवर होती. १९५७मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६१मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्या खुर्चीवर टिळकच आले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. रंगकारखान्यांचे सांडपाणी नद्या-खाड्यांना महागात पडले. पारा तर विषारीच. म्हणून पुढे पाऱ्याशिवाय तोच रेणू घडवण्याचे मार्ग शोधावे लागले.

आज काय उरले?

वेंकटरामन १९८१मध्ये गेले. जानेवारी १९८२मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ज्या रंगखात्यांसाठी हे सारे सुरू झाले होते, ती एकेक करून बंद पडली. आज त्या जागी टॉवर आणि मॉल आहेत. यूडीसीटी मात्र ‘आयसीटी’ या नावाने माटुंग्यातच आहे. २००८मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रंग आता देशातच बनतात आणि निर्यातही होतात. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात बेकर-वेंकटरामन अभिक्रिया आजही शिकवली जाते.