हृदयाची रेषा

मोठी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी वैद्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : ह्या रुग्णाचे हृदय एवढा ताण सोसेल काय? छाती न उघडता ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे साधन ज्यांनी जगाला दिले, ते विलेम आइन्थोवेन होत.

त्यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. वडील डॉक्टर होते. परंतु विलेम लहान असतानाच ते निवर्तले. १८७० मध्ये आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमधील युट्रेख्ट शहरी आली. तेथे वैद्यकाचे शिक्षण घेत असताना व्यायाम करताना विलेमचे मनगट मोडले. दुखऱ्या हाताची खंत करीत न बसता त्यांनी हाताच्या सांध्यांचा अभ्यास केला आणि कोपराच्या सांध्यावर निबंध लिहिला. पुढे वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. १८८७ साली ऑगस्टस वॉलर यांनी तो लंडनमध्ये टिपला होता. पण त्या यंत्रातील पारा संथपणे हले, म्हणून रेषा खरी उमटत नसे. आइन्थोवेन यांनी वितळलेले क्वार्ट्झ बाणाला जोडून बाण सोडला आणि केसाहूनही बारीक तंतू मिळविला. त्याला चांदीचा मुलामा देऊन तो प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणून बसविला. प्रवाह येताच तंतू हले आणि त्याची छाया सरकत्या काचेवर रेषा रेखी.

हे यंत्र सुमारे २७० किलोग्रॅम वजनाचे होते. ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्ण दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णांच्या हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेत आणले!

१९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे त्यांचे निधन झाले.

आज हे यंत्र एका हाताने उचलता येते. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर अनेकदा ही रेषा काढून पाहतात. ठोक्यांची अनियमितता किंवा हृदयाला पूर्वी झालेली इजा तीत दिसली, तर ते आणखी तपासण्या करतात, औषध देतात, प्रसंगी शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. रेषा सर्वच सांगत नाही. निर्णय वैद्यालाच करावा लागतो. पण पूर्वी जो धोका अंधारात दडून राही, तो आज पुष्कळदा वेळीच उजेडात येतो. एका बारीक तंतूमागे आइन्थोवेन यांनी वेचलेल्या वर्षांचे हे फळ आहे.