रॉबर्ट बॉश : ठिणगीचे धनी आणि पंपाचे जनक

मोटारदुरुस्तीच्या दुकानांवरील पाट्या वाचण्याची हौस असलेल्या आमच्या विद्यार्थिमित्रांस ‘बॉश’ हे नाव अपरिचित नसेल. डिझेल तेलावर चालणारी मोटार सकाळी चालू होईना, म्हणजे घरातील वडील मंडळी ज्या पंपाच्या नावाने प्रथम बोटे मोडतात, त्या पंपावर हेच नाव पुष्कळदा कोरलेले असते. हे नाव ज्या गृहस्थांचे, त्यांची सारी संपत्ती विजेच्या ठिणगीवर उभी होती; आणि तरीही ज्या यंत्रास ठिणगीची गरजच नाही, अशा यंत्रासाठी त्यांनी हा पंप सिद्ध करविला. ही हकीकत वाचकांस सादर करावी, आणि पंप खरोखर बिघडला आहे की त्याच्यावर नाहक आळ आला आहे हे ओळखण्याची रीतही ओघाने सांगावी, असे आम्ही योजिले आहे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळ आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडिलांची शेती होती व वाटसरूंसाठी एक खाणावळही होती. शाळा संपल्यावर त्यांस उल्म येथील एका कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकामाच्या उमेदवारीस ठेवण्यात आले. परंतु हा धनी दुकानात क्वचितच असे आणि उमेदवारांस शिकविण्याची त्यास फारशी कळकळ नव्हती. उमेदवारीची वर्षे अशी बहुतेक वाया गेली, याचे शल्य बॉश यांच्या मनात जन्मभर राहिले. पुढे १९१३ साली त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षणशाळा काढली, तिचे मूळ या शल्यातच असावे.

उमेदवारी संपवून ते गावोगाव काम करीत हिंडले. १८८४ साली ते अमेरिकेस गेले व एडिसन यांच्या कारखान्यात राहिले. तेथून इंग्लंडात सीमेन्स यांच्याकडे आले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्ट शहरात त्यांनी स्वतःचे लहानसे दुकान थाटले. त्या वेळी त्यांच्या हाताखाली एक कारागीर व निरोप पोचविणारा एक मुलगा, एवढीच माणसे होती. विजेच्या घंटा, टेलिफोन, जे काम येईल ते करावे आणि पैशाची ओढाताण सोसावी, अशी पहिली काही वर्षे गेली.

१८८७ साली एका गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे मॅग्नेटो नावाचे उपकरण मागितले. यंत्रातील तेलवायूचे मिश्रण पेटविण्यास जी विजेची ठिणगी लागते, ती उत्पन्न करण्याचे हे साधन होय. असे एक उपकरण दुसऱ्या एका कारखान्याने पूर्वीच केले होते. बॉश यांनी त्याची नक्कल परस्पर केली नाही; त्यावर कोणाचा हक्क नोंदला आहे काय, अशी आधी चौकशी केली आणि मगच सुधारलेला नमुना तयार केला. १८९७ साली तो मोटारगाडीस जोडण्यात आला. १९०२ साली त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेची पद्धत व तिला साजेसा स्पार्क प्लग तयार केला, आणि बॉश यांचे नाव देशोदेशी पसरले. १९०६ साली एक लक्षावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या कामगारांसाठी आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर कारखानदारांस ही गोष्ट रुचली नाही. पण थकलेल्या हातांतून बारीक काम नीट उतरत नाही, हे स्वतः कारागीर असलेल्या बॉश यांस पक्के ठाऊक होते.

पुढील काळ मात्र दुःखाचा आला. १९१४ च्या महायुद्धाने त्यांचा परदेशी व्यापार मोडला व अमेरिकेतील मालमत्ता जप्त झाली. १९२१ साली त्यांचा तरुण पुत्र दीर्घ आजाराने वारला. साठ वर्षांचा हा मनुष्य आता सर्व आवरून स्वस्थ बसला असता, तर कोणी नाव ठेविले नसते. तथापि १९२२ साली त्यांनी डिझेल यंत्रासाठी तेलाचा पंप तयार करण्याचे काम हाती घेण्याचे ठरविले.

या निश्चयाचे महत्त्व कळण्यास डिझेल यंत्राची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. रूडोल्फ डिझेल यांच्या यंत्रात नुसती हवा आत घेतात व ती इतकी दाबतात की, ती दाबानेच तापून तेल पेटवू शकते. ठिणगीचे तेथे काम नाही. मात्र त्या दाबलेल्या हवेत तेलाचे अगदी मोजके तुषार नेमक्या क्षणी घुसवावे लागतात. डिझेल यांच्या हयातीत हे काम दाबलेल्या हवेच्या झोताने करीत. त्यासाठी लागणारी जोडयंत्रे इतकी जड असत की, डिझेल यंत्र कारखान्यांत व जहाजांवर शोभले, पण लहान गाडीत मावेना. १९१३ साली डिझेल वारले, तेव्हा ही अडचण तशीच होती. ती दूर झाली, तर डिझेल गाड्या रस्त्यावर येणार, आणि त्या प्रमाणात ठिणगीच्या उपकरणांची गरज कमी होणार, हे कोणासही दिसत होते. बॉश यांनी असा विचार केला की, काळ बदलणारच असेल, तर त्यास सामोरे जावे.

पाच वर्षे अनेक नमुने झाले, तपासले गेले व टाकून देण्यात आले. अडचण अचूकपणाची होती. पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांत मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोनचार भागांएवढीच फट असावी लागते. फट वाढली की दाब टिकत नाही, आणि कचऱ्याचा कण शिरला की दट्ट्या अडकतो. अखेर १९२७ साली पंपांचे उत्पादन नियमित सुरू झाले. प्रथम ते मालवाहू गाड्यांस लागले. १९३६ साली मर्सिडीज-बेंझ कारखान्याने २६०-डी ही डिझेल मोटार बाजारात आणली, तिच्यातही बॉश यांचाच पंप होता.

गाडी चालू होईना म्हणजे याच पंपावर बोट ठेवण्याची घाई होते. वस्तुतः इतक्या काळजीने घडविलेला हा भाग पुष्कळदा निर्दोष असतो व दोष त्याच्या अलीकडे सापडतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत जाणता कारागीर स्वस्त गोष्टीपासून महाग गोष्टीकडे जातो. सेल्फ मारल्यावर यंत्र जोराने फिरते काय, हे तो प्रथम पाहतो; कारण बॅटरी मंद असेल तर हवा पुरेशी तापत नाही. थंडीच्या दिवसांत हवा तापविणारे ग्लो प्लगही तो तपासतो. मग तो धुराकडे पाहतो. यंत्र फिरत असून धूर मुळीच नसेल, तर आत तेल पोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर तेल पोचते पण पेटत नाही. तेव्हा दोष उष्णतेत, दाबात किंवा तेल सोडण्याच्या वेळेत शोधावा.

तेल पोचत नसल्यास टाकीत तेल आहे काय, फिल्टर तुंबला आहे काय, त्यात पाणी साचले आहे काय, हे पाहावे. चावी फिरविल्यावर पंपावरील तेल सोडणारी विजेची झडप टक् असा आवाज करते. तो आला नाही, तर एखादी तार निखळलेली असू शकते. नळीच्या सैल जोडातून हवा शिरली, तर दट्ट्या तेलाऐवजी हवाच दाबीत बसतो. आमच्याकडील कारागीर यास गाडीने ‘एअर धरली’ असे म्हणतात. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू दिले, म्हणजे ती हवा निघते. इतके करून पंपाच्या तोंडाशी स्वच्छ तेल येते, झडपही उघडते, आणि तरी नॉझलकडे जाणाऱ्या नळ्यांत काहीच उतरत नाही, असे दिसले तरच पंपास दोषी ठरवावे. या नळ्यांतील तेलाचा फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो, म्हणून मुलांनी तेथे हात घालू नये. १९९७ सालापासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत तर दाब याहूनही भयंकर असतो. तिच्या नळ्या सैल करून पाहणे कारागिरासही वर्ज्य आहे, तेथे उपकरणांनीच परीक्षा करावी.

बॉश यांसही ही अडचण दिसली होती. उत्तम वस्तू अडाणी हातांत पडली की वस्तूचीच अपकीर्ती होते. यास्तव त्यांची उपकरणे तपासणारे व दुरुस्त करणारे खास दुकान १९२१ साली हॅम्बर्ग येथे निघाले, आणि पुढे अशी दुकाने जगभर झाली. भारतात १९५१ साली बंगलोर येथे ‘मायको’ ही कंपनी स्थापन झाली. पुढे नाशिक येथेही तिचा कारखाना होऊन डिझेल यंत्रांची नॉझले तेथे तयार होऊ लागली. नाशिककरांच्या तोंडी असलेला ‘मायको सर्कल’ हा चौक त्या नावाची आठवण देतो.

धन मिळविणे जसे त्यांस साधले, तसे ते सोडणेही साधले. १९१० साली स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयास त्यांनी दहा लक्ष मार्क दिले. १९४० साली त्यांच्या देणगीने त्याच शहरात रुग्णालय उघडले. हिटलरच्या अमलात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ होत असलेल्या ज्यू लोकांस साहाय्य केले, आणि हिटलरचे विरोधक गोर्डेलर यांस आपल्या संस्थेत आश्रय दिला. तथापि त्याच काळात त्यांच्या कारखान्यांतून युद्धाचे साहित्य निघत होते व पकडून आणलेल्या लोकांकडून सक्तीने काम करून घेतले जात होते, हेही चरित्रकाराने झाकून ठेवू नये. चांगल्या मनुष्याचे नावदेखील दुष्ट राजवटीच्या सावलीतून निष्कलंक बाहेर येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी ते वारले. त्यांच्या इच्छेस अनुसरून कारखान्याच्या मालकीचा बहुतांश भाग १९६४ साली लोकोपयोगी कार्यास वाहिलेल्या संस्थेकडे गेला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे यंत्रकामात शिरतील, कोणी इतर धंद्यांत जातील. ज्या उमेदवारास त्याच्या धन्याने नीट शिकविले नाही, त्याने आपल्या उमेदवारांसाठी शाळा काढली; आणि ज्याची श्रीमंती ठिणगीची, त्याने ठिणगीवाचून चालणाऱ्या यंत्राची उणीव भरून काढली. काम अडले असता महागड्या भागावर दोष ढकलण्यापूर्वी सैल तार, तुंबलेला फिल्टर आणि नळीतील हवा पाहण्याची सवय आमच्या मुलांनी लावून घ्यावी. ही सवय मोटारीच्या कामी येईल, आणि माणसांना दोष देण्याची वेळ आली असता तर तिचा अधिकच उपयोग होईल.