प्रबंध, छपाई आणि पदवी : डॉ. आंबेडकरांच्या विद्याव्यासंगाची चौदा वर्षे (१९१३–१९२७)

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रग्रंथांत त्यांच्या पदव्यांची नामावली बहुधा एका दमात येते : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. हा क्रम वाचून कोलंबियाची पीएच.डी. आधी आणि लंडनची डी.एस्सी. नंतर मिळाली, असा समज सहज होतो. प्रबंधलेखनाच्या दृष्टीने तो खरा आहे. पदवीदानाच्या दृष्टीने मात्र क्रम नेमका उलटा आहे. लंडन विद्यापीठाने डी.एस्सी.चा प्रबंध नोव्हेंबर १९२३ मध्ये मान्य केला, तर कोलंबिया विद्यापीठाने पीएच.डी. प्रदान केली ती ८ जून १९२७ रोजी. म्हणजे मराठी समाजाने ज्या नावाआधी 'डॉक्टर' हे पद कायमचे जोडले, त्या नावाला ते प्रथम लंडनकडून लाभले. प्रबंध सादर होणे, तो स्वीकारला जाणे, छापला जाणे आणि पदवी हाती येणे या चार निरनिराळ्या घटना होत. आंबेडकरांच्या बाबतीत या घटनांमध्ये वर्षावर्षांची अंतरे पडली, आणि ती बहुतेक वेळा द्रव्याभावाने पाडली.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्म, सातारा व मुंबई येथे शिक्षण आणि १९०७ साली मॅट्रिक हा पूर्वभाग सर्वपरिचित आहे. त्यातील दोन व्यक्तींचे स्मरण येथे अगत्याचे ठरते. मॅट्रिकच्या यशाबद्दल भरलेल्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकणारेही तेच. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि तिच्या आधारावर एल्फिन्स्टन महाविद्यालयातील बी.ए. पुरे झाले. बडोद्याची नोकरी सुरू होते न होते तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी ४ जून रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा. डॉक्टरेटच्या मार्गावरील पहिला दस्तऐवज हा असा नोकरीचा करारनामा आहे, ही गोष्ट पुढील घटनांच्या आकलनासाठी ध्यानात ठेवावी लागते.

जुलै १९१३ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामागोमाग इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचा क्रम लागतो. फ्रेंच व जर्मन यांचे प्राथमिक पाठही त्यांत होते. एडविन सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक आयव्ययशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्याकडे मानववंशशास्त्र अशी ही गुरुपरंपरा होती. तेथील पद्धतीत पदवीसाठी केवळ प्रबंध पुरेसा नसे. व्याख्यानांना बसणे, चर्चासत्रांत निबंध वाचणे आणि एम.ए.साठी छोटा प्रबंध लिहिणे अशा पायऱ्या चढत जावे लागे. १५ मे १९१५ रोजी सादर झालेला एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवहार या विषयावर होता. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा व विकास यांवरील निबंध वाचला गेला, आणि मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. आज या काळातील त्यांचे सर्वाधिक वाचले जाणारे लेखन हेच. पण विद्यापीठाच्या हिशेबी त्याची किंमत एका चर्चासत्रातील निबंधाएवढीच होती. चर्चासत्राचे काम हे उपचार म्हणून उरकण्याचे काम नव्हे, याला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

जून १९१६ मध्ये 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया : अ हिस्टॉरिक अँड अ‍ॅनालिटिकल स्टडी' या शीर्षकाचा पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला व स्वीकारलाही गेला. बौद्धिक दृष्ट्या डॉक्टरेटचे काम येथे संपले. परंतु कोलंबियाच्या तत्कालीन नियमानुसार प्रबंध ग्रंथरूपाने छापून त्याच्या ठराविक प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी प्रदान होत नसे. नियमामागील हेतू उघड आहे : ज्ञान कपाटात न राहता विद्वानांपुढे यावे. प्रत्यक्षात मात्र या नियमाने पदवीची अखेरची पायरी छापखान्याच्या देयकापाशी नेऊन ठेवली. सधन विद्यार्थ्याला ती काही महिन्यांची बाब होती. दरमहा साडेअकरा पौंडांत स्वतःचा निर्वाह, पुस्तकांची खरेदी आणि घरखर्चाची चिंता भागवणाऱ्या विद्यार्थ्याला ती अकरा वर्षांची झाली.

ऑक्टोबर १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला आले. तेथे ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीला एका वर्षाचीच वाढ मिळालेली होती. ती संपताच बडोद्याचे बोलावणे आले. परतण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट साधली. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळाली. पुढच्या साऱ्या धडपडीवर या मुदतीची छाया आहे. महायुद्ध चालू होते. ते स्वतः ज्या बोटीने निघाले ती सुखरूप आली, पण सामान असलेली दुसरी बोट पाणतीराने बुडाली आणि तीबरोबर संग्रहातील बरीच पुस्तके गेली. संशोधकाचे नुकसान पैशात मोजता येत नाही. टिपणे आणि पुस्तके गेली की वाचनाची वर्षेच जातात.

बडोद्यात काय घडले याची पुनरुक्ती नको. कोलंबियाने ज्याचा प्रबंध स्वीकारला त्या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढल्यावर सप्टेंबर १९१७ मधील ती नोकरी काही दिवसांतच आटोपली. दहा वर्षांच्या सेवेचा करार पाळणे त्या समाजानेच अशक्य करून टाकले. यानंतरच्या तीन वर्षांकडे चरित्रकार 'मधला काळ' म्हणून पाहतात. वस्तुतः हा द्रव्यसंचयाचा काळ होता. नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद, काटकसर आणि शिल्लक. शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंध १९१८ मधला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद भरली व राजर्षी शाहू महाराजांचा जाहीर पाठिंबा मिळाला. तरी जुलै १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनच्या वाटेला लागले. नुकतेच उभे राहिलेले पत्र दुसऱ्यांच्या हाती सोपवून जाणे सोपे नव्हते. पण चार वर्षांची मुदत १९२१ मध्ये सरणार होती. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियापासूनचे स्नेही नवल भथेना यांचे कर्ज अशा तिहेरी आधारावर ही दुसरी फेरी उभी राहिली.

लंडनमधील पायऱ्या कोलंबियाहून वेगळ्या होत्या. जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्य-अर्थव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम.एस्सी. मिळाली. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरावे आणि बंद होताना बाहेर पडावे, दुपारच्या जेवणाला फाटा द्यावा, हा दिनक्रम चरित्रांतून वारंवार आला आहे. ग्रेज इनची बॅरिस्टरी १९२२ मध्ये पुरी झाली. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. ती योजना मात्र तडीस गेली नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी त्यात फेरफार सुचवले. ब्रिटिश चलननीतीवरील परखड टीका परीक्षकांना रुचली नाही, आणि निष्कर्ष न बदलता मांडणी बदलून देण्यात आली, असे चरित्रकार सांगतात. हातचे पैसे संपले होते. सुधारणेसाठी लंडनमध्ये राहणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईत उतरले आणि वकिलीची जुळवाजुळव करीतच प्रबंध पुन्हा लिहून त्यांनी लंडनला पाठवला. नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. वर्ष संपण्यापूर्वी लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने काढला.

या ग्रंथाचे स्वरूप पाहिले म्हणजे परीक्षकांचा अवघडलेपणा समजू शकतो. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानसाठी सुवर्णविनिमय परिमाणाची भलावण केली होती. आंबेडकरांनी त्याच व्यवस्थेवर हल्ला चढवला. या व्यवस्थेत रुपये पाडण्यावर खरा अंकुश राहत नाही, चलन वाढते, किमती चढतात आणि त्याची झळ अखेर गरिबाला बसते, हे त्यांचे म्हणणे. विनिमयदर स्थिर राखण्यापेक्षा रुपयाची देशातील क्रयशक्ती स्थिर राखणे त्यांना महत्त्वाचे वाटे. त्यासाठी सुवर्णचलन आणि चलननिर्मितीवर निश्चित मर्यादा असा उपाय त्यांनी सुचवला. विशेष म्हणजे प्रस्तावना लिहिणाऱ्या कॅनन यांनाच ही भूमिका मान्य नव्हती. त्यांनी आपला मतभेद प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवला आणि तरीही लेखकाच्या स्वतंत्र विचाराची वाखाणणी केली. मार्गदर्शकाचे मत प्रबंधात उतरवले नाही तर काम अडेल, ही भीती बाळगणाऱ्या संशोधकाने आणि ती भीती जोपासणाऱ्या मार्गदर्शकानेही ही दोन-तीन पाने मुळातून वाचावीत.

आता राहिला कोलंबियाचा प्रबंध. १९२५ मध्ये त्याच प्रकाशकाकडून 'द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह निघाला आणि त्याच्या प्रती कोलंबियाला गेल्यावर पदवीचा मार्ग मोकळा झाला. चरित्रकार हा ग्रंथ १९१६ च्या प्रबंधाचे वाढवलेले रूप मानतात. ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे. 'नॅशनल डिव्हिडंड' हा शब्दप्रयोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या विचारातला. छापील ग्रंथाचा विषय मात्र १८३३ नंतरच्या केंद्रीकृत अर्थव्यवहारातून प्रांतांकडे अधिकार कसे गेले हा. नेमून दिलेल्या रकमा, नेमून दिलेले महसूल आणि वाटून घेतलेले महसूल अशा अवस्थांतून तो १९१९ च्या कायद्यापर्यंत येतो. शीर्षक व विषय पाहता त्याचे नाते १९२१ च्या एम.एस्सी. प्रबंधाशी अधिक जवळचे दिसते. तसे असेल तर कोलंबियाची पदवी ज्या छापील ग्रंथावर मिळाली, त्याची घडण बऱ्याच अंशी लंडनमध्ये झाली, असा निष्कर्ष निघतो. आणि दोन विद्यापीठांतील कामे एकमेकांपासून तोडून पाहण्याची रीत सोडावी लागते. एवढ्या बारकाव्याने या तत्त्वांचा अभ्यास अन्यत्र झालेला नाही, अशा आशयाचा अभिप्राय सेलिग्मन यांनी दिला, तो या ग्रंथाविषयी.

पदवीची तारीख १९२७ च्या पंचांगात ठेवून पाहिली पाहिजे. त्या वर्षी आंबेडकर मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद होते आणि अंदाजपत्रकावर बोलत होते. २० मार्च रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी न्यूयॉर्कमध्ये पीएच.डी. नोंदली गेली. ज्या पदवीसाठी १९१३ मध्ये समुद्र ओलांडला, ती हाती आली तेव्हा तिची व्यावहारिक गरज जवळजवळ उरली नव्हती. याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. ही सन्मान्य पदवी दिली.

या चौदा वर्षांचा जमाखर्च लेखकाने स्वतः कोठे मांडला असेल, तर तो अर्पणपत्रिकांत. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आईवडिलांच्या स्मृतीस वाहिला आहे. 'इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स' सयाजीराव महाराजांना, शिक्षणातील साहाय्याबद्दल. तिसरे ऋण बरेच दिवस अनुल्लेखित राहिले. नवरा परदेशी असताना मुंबईच्या चाळीत संसार रेटणाऱ्या रमाबाईंची पाचांपैकी चार अपत्ये बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये, म्हणजे ग्रंथ छापून झाल्यावर आणि पदवी येण्यापूर्वी. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. १९४० मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची अर्पणपत्रिका रामूच्या नावे लिहिली गेली. तिच्या मनाच्या चांगुलपणाचा आणि ओढगस्तीच्या, एकाकी दिवसांत तिने सोबतीने सोसलेल्या हालांचा त्यात उल्लेख आहे.