गुरुदक्षिणा फेडणारा शास्त्रज्ञ : डॉ. पंचानन महेश्वरी



आपल्या घरी वाटणात जी खसखस पडते, ती अफूच्या बोंडातील बी होय. हे बी फुलाऐवजी काचेच्या नळीत तयार होईल, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल काय? दिल्ली विद्यापीठात हे प्रत्यक्ष घडले. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ते घडले, त्या डॉ. पंचानन महेश्वरी यांची ओळख करून घेऊ या.

त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूर येथे झाला. शिक्षणासाठी ते अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन कॉलेजात गेले. तेथे विनफिल्ड डजियन या अमेरिकन प्राध्यापकांनी त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावली. १९३१ साली महेश्वरी डी.एस्सी. झाले. गुरुदक्षिणा काय देऊ, असे त्यांनी गुरुजींना विचारले. तेव्हा आपण शिष्यासाठी जे केले तेच शिष्याने पुढे आपल्या विद्यार्थ्यांसाठी करावे, एवढेच गुरुजींनी मागितले, असे सांगतात.

ही दक्षिणा महेश्वरी जन्मभर देत राहिले. आग्रा, अलाहाबाद, लखनौ आणि ढाका येथे त्यांनी अध्यापन केले. १९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. फुलात बीज कसे घडते, यावरील त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि देशोदेशींच्या विद्यापीठांत वाचला गेला.

आता त्या काचनळीकडे वळू. फुलात परागकण कुक्षीवर पडतो, त्यातून नलिका निघते, ती आत बीजांडापर्यंत पोचते आणि मग बी धरते. महेश्वरी व त्यांचे सहकारी कांता आणि रंगस्वामी यांनी अफूची बीजांडे अंडाशयातून काढून पोषक द्रव्यावर ठेवली व त्यांवरच पराग टाकले. नळीतच फलन झाले, बी तयार झाले! १९६२ साली ही वार्ता जगापुढे आली. त्याच विभागात १९६४ साली सिप्रा गुहा या संशोधिकेने सतीशचंद्र महेश्वरी यांच्यासह धोतऱ्याच्या परागकोशातील परागांपासून रोपे मिळवली. या रोपांत गुणसूत्रे निम्मीच असतात. ती दुप्पट केली की एका पिढीत शुद्ध वाण हाती येतो. एरवी त्याला कित्येक पिढ्या लागतात. भातासारख्या पिकांचे नवे वाण काढताना ही रीत पुढे उपयोगी पडली.

१९६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. एवढा मोठा माणूस, पण शाळेतील मुलांसाठी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम त्यांनी कमी लेखले नाही. १८ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांना मुलाने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावे असे वाटते. त्यात गैर नाही. परंतु एखादा मुलगा जास्वंदीचे फूल उकलून आत काय आहे ते पाहत असेल, एखादी मुलगी भिजवलेल्या हरभऱ्याचे मोड रोज मोजत असेल, तर वेळ वाया घालवते म्हणून तिला रागावू नका. आणि विद्यार्थ्यांनो, ज्या शिक्षकाने तुम्हांला पाहायला शिकवले, त्याचे ऋण हारतुऱ्यांनी फिटत नाही. आपल्याहून खालच्या इयत्तेतील एकाला तरी तुम्ही मनापासून शिकवा. महेश्वरींनी गुरूचे ऋण असेच फेडले.