नकाशापासून कैफियतीपर्यंत : कर्नल कॉलिन मॅकेंझी

रणांगणावर पहिली तोफ डागली जाण्याच्या कितीतरी आधी युद्धाची एक मूक तयारी चाललेली असते. घाटातून तोफांचे गाडे उतरतील का, नदीला उतार कोठे आहे, उन्हाळ्यात विहिरींना पाणी राहते का, किल्ल्याचा कोणता तट कच्चा आहे, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतात त्याचे पारडे जड ठरते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे आणि बहिर्जी नाईकांचे नाव मराठी घराघरांत आदराने घेतले जाते ते याचमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या मद्रास फौजेत अशी माहिती जमवण्याचे काम एका स्कॉटिश अधिकाऱ्याकडे होते. पुढे त्याच अधिकाऱ्याने दक्षिण भारतातील हजारो शिलालेख, हस्तलिखिते आणि गावोगावच्या कैफियती काळाच्या तडाख्यातून वाचवल्या. त्यांचे नाव कर्नल कॉलिन मॅकेंझी. त्यांच्या जीवनकार्याचा मोठा भाग आज आपण राहतो त्या म्हैसूरच्या भूमीत घडला, म्हणून कर्नाटकातील मराठी वाचकाने त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

मॅकेंझी यांचा जन्म १७५४ च्या सुमारास स्कॉटलंडच्या वायव्येस असलेल्या लुईस बेटावरील स्टॉर्नोवे या गावी झाला. तेथील जकात कार्यालयात त्यांनी काही वर्षे नोकरी केली. गणिताची त्यांना मनापासून ओढ होती. लॉगॅरिथमचे जनक जॉन नेपियर यांच्या घराण्यातील एका वंशजाला आपल्या पूर्वजाचे चरित्र सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी हिंदूंच्या गणितविद्येची माहिती त्याला हवी होती. या निमित्ताने मॅकेंझी यांचे लक्ष भारताकडे वळले. १७८३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी म्हणून मद्रासला उतरले. मदुराईला नेपियर घराण्यातील एका कन्येच्या घरी त्यांची स्थानिक विद्वानांशी गाठ पडली. या देशाच्या विद्येचा शोध घ्यावा अशी इच्छा तेव्हाच त्यांच्या मनात रुजली. परंतु पोटाची नोकरी सैन्याची होती, आणि पुढील दीड तप मोहिमांमध्येच गेले.

१७८६ मध्ये ते इंजिनिअर दलात दाखल झाले. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाशी झालेल्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात त्यांनी भाग घेतला. तह झाल्यावर त्यांची नेमणूक निजामाच्या मुलखातील इंग्रजी फौजेबरोबर झाली. वरवर पाहता हे काम इंजिनिअरचे होते, परंतु त्यामागचा हेतू दख्खनचा भूगोल समजून घेण्याचा होता. त्या काळी इंग्रजांपाशी या मुलखाचे भरवशाचे नकाशे नव्हते. मॅकेंझी यांनी वाटा मोजल्या, गावांमधील अंतरे टिपली, घाट आणि खिंडी पाहिल्या, किल्ल्यांची रेखाटने केली. मध्यंतरी पाँडिचेरी आणि सिलोन येथील मोहिमांवरही त्यांना जावे लागले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या अखेरच्या वेढ्यात ते इंजिनिअर म्हणून हजर होते. ४ मे रोजी किल्ला पडला, टिपू धारातीर्थी पडला, आणि म्हैसूरचा इतिहास बदलला.

मॅकेंझी यांच्या आयुष्याचे वळणही येथेच आहे. टिपूच्या राज्याची वाटणी झाली. काही मुलूख कंपनीने घेतला, काही निजामाला दिला आणि उरलेल्या राज्यावर वोडेयार घराण्यातील बालराजाची स्थापना होऊन दिवाण पूर्णय्या कारभार पाहू लागले. पेशव्यांनाही अटींसह एक वाटा देऊ केला होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. तहात नावे लिहिलेले परगणे प्रत्यक्षात कोठे सुरू होतात व कोठे संपतात, हे मात्र कोणालाच नीट ठाऊक नव्हते. म्हणून म्हैसूरच्या सर्वेक्षणाचे काम मॅकेंझी यांच्यावर सोपवण्यात आले. सुमारे चाळीस हजार चौरस मैलांचा हा प्रदेश मोजायला जवळजवळ दहा वर्षे लागली. याच सुमारास विल्यम लॅम्ब्टन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला होता आणि बेंगळूरुजवळही त्यांनी पायारेषा मोजली होती. लॅम्ब्टन यांची नजर पृथ्वीच्या आकाराकडे होती, तर मॅकेंझी यांची गावाकडे. गावाची शीव, तळे, पीक आणि वस्ती यांच्या नोंदी करता करता ते एका पुढच्या प्रश्नाशी येऊन थांबत. हे गाव कोणी वसवले, हे देऊळ कोणी बांधले, ही जमीन कोणी व कशासाठी इनाम दिली?

या प्रश्नांची उत्तरे दुर्बिणीतून दिसणारी नव्हती. ती देवळांच्या भिंतींवर, ताम्रपटांवर, ताडपत्रांत आणि शानभोगांच्या दप्तरांत होती. मॅकेंझी यांना स्वतःला येथील एकही भाषा धड अवगत नव्हती, आणि ही उणीव त्यांनी कधी लपवली नाही. त्यांची खरी शक्ती त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांत होती. त्यांत अग्रणी होते आंध्रातील एलुरूच्या कावली घराण्यातील वेंकट बोरय्या. बोरय्यांनी जुन्या कन्नड लिपीतील शिलालेख वाचण्याची किल्ली हस्तगत केली, परंतु १८०३ मध्ये ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पुढे त्यांचे बंधू लक्ष्मय्या व रामस्वामी यांनी चालवले. जैन परंपरेची माहिती पंडित धर्मय्या यांनी पुरवली. नारायणराव, आनंदराव आणि मराठी अनुवादक बाबुराव यांचीही नावे या कार्याशी जोडलेली आहेत.

ही मंडळी पत्रे घेऊन गावोगाव फिरत, मठाधिपतींना व गावकामगारांना भेटत, लेखांच्या नकला करून घेत आणि आपल्या कामाचे वृत्तांत मॅकेंझी यांच्याकडे पाठवीत. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. नुकतेच राज्य पालटलेले होते. कंपनीचा माणूस इनामाचा ताम्रपट पाहायला मागतो म्हणजे उद्या इनामावर गदा येणार, अशी शंका लोकांना येई, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. कारण सर्वेक्षणाचा महसुलाशी संबंध होताच. लोकांची समजूत घालून, धीर धरून, त्यांच्या घरात जपलेला इतिहास कागदावर उतरवण्याचे श्रेय या सहकाऱ्यांचेच आहे. कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम, संस्कृत आणि मराठी अशा अनेक भाषांतील सामग्री या संग्रहात आली.

कंपनीच्या संचालकांना यात फारसा रस नव्हता. सर्वेक्षणाचा खर्च कमी करण्याचे हुकूम येत राहिले. नकाशासाठी पैसा मिळे, परंतु जुन्या पोथ्यांसाठी मिळत नसे. त्यामुळे संग्रहाच्या खर्चाचा मोठा भार मॅकेंझी यांनी स्वतःच्या मिळकतीतून उचलला. १८१० मध्ये ते मद्रासचे सर्व्हेअर जनरल झाले. १८११ मध्ये जावाच्या मोहिमेने त्यांना पुन्हा युद्धात ओढले, आणि तेथेही लढाई संपताच ते जुने लेख शोधू लागले. १८१५ मध्ये संपूर्ण भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल होण्याचा मान त्यांना मिळाला. थॉमस हिकी या चित्रकाराने १८१६ मध्ये काढलेल्या त्यांच्या तैलचित्रात ते लाल लष्करी गणवेशात उभे आहेत आणि सोबत तीन भारतीय सहकारी आहेत. त्यांपैकी एकाच्या हाती दुर्बीण आहे. सैनिकाचा पोशाख त्यांनी अखेरपर्यंत उतरवला नाही. काम मात्र कधीच बदलून गेले होते.

संग्रहाची सूची करून त्यावर ग्रंथ लिहावा ही त्यांची इच्छा अपुरीच राहिली. ८ मे १८२१ रोजी कलकत्त्याजवळ त्यांचे निधन झाले. मायदेशी ते पुन्हा कधी परतले नाहीत. त्यांच्या पश्चात कंपनीने हा संग्रह त्यांच्या पत्नीकडून दहा हजार पौंडांना विकत घेतला, आणि १८२८ मध्ये एच. एच. विल्सन यांनी त्याची सूची प्रसिद्ध केली. तीत १,५६८ हस्तलिखिते, ८,०७६ शिलालेखांच्या नकला, २,६३० रेखाचित्रे आणि ६,२१८ नाणी नोंदलेली आहेत. आज हा ठेवा मुख्यतः लंडन आणि चेन्नई येथे विभागलेला आहे.

या कथेला एक खंत जोडलेली आहे. मॅकेंझी यांच्या मृत्यूनंतर हे काम पुढे नेण्याची तयारी कावली लक्ष्मय्यांनी दाखवली. त्या कामाची इतकी बारीक जाण असलेली दुसरी व्यक्ती तेव्हा क्वचितच असेल. पुढे ब्राह्मी लिपी उलगडून अजरामर झालेले जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे हा प्रस्ताव विचारार्थ आला. एतद्देशीय माणसाला हे कार्य स्वतंत्रपणे झेपणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. ज्यांच्या डोळ्यांनी मॅकेंझी यांनी हा देश वाचला, त्यांनाच तो वाचण्यास अपात्र ठरवण्यात आले. म्हणूनच मॅकेंझी यांचे नाव घेताना बोरय्या, लक्ष्मय्या, रामस्वामी, धर्मय्या, नारायणराव, आनंदराव आणि बाबुराव यांचीही नावे घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

शिलालेख वाचण्याची ही परंपरा म्हैसूरमध्ये पुढे बहरली. बेंगळूरुतच जन्मलेल्या बी. एल. राईस यांनी १८८६ पासून एपिग्राफिया कर्नाटिकाचे खंड प्रसिद्ध करून या प्रदेशातील हजारो लेख अभ्यासकांसमोर ठेवले. आपल्या मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वर मंदिराचा इतिहासही आपल्याला अशाच एका लेखामुळे ठाऊक आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी राजे भोसले यांनी १६६९ मध्ये या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. कोणीतरी थांबून तो दगड वाचला नसता, तर मराठी माणसाचे या वस्तीशी असलेले साडेतीनशे वर्षांचे नाते दंतकथेपुरतेच उरले असते.

प्रत्यक्ष जाऊन पाहणे, विचारणे, पडताळणे आणि लिहून ठेवणे या सवयी मॅकेंझी यांना सैन्याने लावल्या. त्यांच्या जोरावर एकेकाळी किल्ले सर झाले आणि पुढे त्यांच्याच जोरावर एका भूभागाची स्मृती जपली गेली. कोणतेही कौशल्य माणसाला कोठे नेईल, हे तो ते कशासाठी वापरतो यावर अवलंबून असते. आपल्या घरांतील माळ्यांवर आजही मोडी कागदांचे रुमाल बांधलेले असतील, आजी-आजोबांच्या आठवणींत गावाच्या कैफियती असतील. त्या उलगडायला कोणत्याही साहेबाची वाट पाहण्याचे आता कारण नाही.